गवतात टेकलेला हात

तिसऱ्या सामन्यानंतर एमेट विनीला फक्त डाव्या हाताने उचलायला लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याची उजवी बरगडी दुखतेय. विचारलं तर म्हणाला, तिला डावी बाजूच आवडते. माझी विनी आठ महिन्यांची. ज्या बाजूने नाक ओढायला मिळेल ती बाजू तिला आवडते, हे त्यालाही ठाऊक होतं.

एमेट माझा धाकटा भाऊ. सोळा वर्षांचा, उंच, मानेचा काटकुळा, आणि या हंगामापासून आमच्या ऑल्डन फोर्कच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. हे काम त्याच्या वाट्याला दोन वर्षांनी यायचं होतं. पण आधीच्या मुलाचं कुटुंब ऑगस्टमध्ये कोलोरॅडोला राहायला गेलं आणि चेंडू एमेटच्या हातात आला. फेकतो मात्र सुंदर. लहानपणी तो आमच्या अंगणातून शेजाऱ्यांच्या ट्रकच्या उघड्या खिडकीत बटाटे टाकायचा, एकही चुकायचा नाही, आणि मार मला बसायचा.

या खेळाबद्दल लोक काय वाटेल ते बोलोत, माझ्या लेखी तो तीन सेकंदांचा आहे. मधला मुलगा आपल्या पायांमधून चेंडू मागे देतो. एमेट तो घेऊन चार पावलं मागे सरतो, आपल्यापैकी कोण पुढे मोकळा पळतोय ते बघतो आणि फेकतो. तेवढे तीन सेकंद त्याच्यासमोर पाच दांडगी पोरं भिंत धरून उभी राहतात. तीच लाइन. एमेट उजव्या हाताने फेकतो, त्यामुळे डावीकडून मागून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. त्या बाजूला तादेओ इबारा असतो. सतरा वर्षांचा, एकशे तीस किलोचा, आणि इतका हळुवार की आमच्या दारातून आत येताना पायपुसण्याचीही माफी मागेल.

या पाच जणांना शिकवतो माझा नवरा, नोलन. म्हणजे माझ्या भावाच्या बरगड्या माझ्या नवऱ्याच्या ताब्यात.

आणि तीन सामन्यांत एमेट एकोणीस वेळा आडवा झाला होता.

शनिवारी सकाळी आई आमच्याकडे आली ती कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली. वडील घरी नव्हते. साखरेच्या बीटाची काढणी सुरू झाली की ते महिनाभर ट्रकमध्येच राहतात आणि सामने रेडिओवर ऐकतात. आईने पर्समधून एक घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. मुलाचं नाव संघातून काढून घ्यायचा शाळेचा कागद. सही झालेली होती, तारखेची जागा तेवढी रिकामी.

"शुक्रवारी बघेन," ती नोलनला म्हणाली. "तिसऱ्यांदा पडला की मी खाली उतरून त्याला घरी नेणार. खेळ चालू असला तरी."

नोलन म्हणाला, "जोलीन, तुम्ही मैदानात नाही येऊ शकत."

"कोण अडवणार? तुझी लाइन?"

तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली आणि विनीचा पापा घेऊन निघून गेली. आई बोलते ते करते. मी चौथीत असताना शाळेच्या नाटकात मला ताप चढलाय हे तिने तिसऱ्या रांगेतून ओळखलं होतं आणि मंचावर येऊन मला, झाडाला, फांद्यांसकट उचलून नेलं होतं.

एमेट मागच्या दारात उभा राहून सगळं ऐकत होता. मी वळले तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदा सोळा वर्षांचा दिसला. म्हणाला, "कोरा, तिला सांग ना, मला चालतंय. पडायला चालतं. मला फक्त खेळायचंय." मी म्हटलं, मला नाही चालत. पण हेही म्हटलं की अजून सहा दिवस आहेत.

रविवारी चर्चमधून आल्यावर नोलनने शुक्रवारच्या सामन्याचं चित्रण टीव्हीवर लावलं, पाचव्यांदा. आवाज बंद. मांडीवर वही आणि वहीत एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेलं: पोरांचे पाय हळू आहेत. समोरचा संघ जणू आधीच निघालेला असायचा. आपली पोरं मागे सरून हात वर करेपर्यंत समोरचे बाजूने निघून गेलेले असायचे.

मी गालिच्यावर पालथी पडले होते, विनीच्या समोर. त्या आठवड्यात ती हातागुडघ्यांवर यायला शिकली होती, पण जायचं कुठे ते ठरत नव्हतं. ती तशीच झुलायची, पुढे-मागे, पुढे-मागे. चार दिवस तिच्यासमोर असं पडून राहिल्यावर मला एक गोष्ट कळायला लागली होती. ती पुढे झेपावणार असेल तर तिची बोटं गालिच्यात रुततात आणि इवलीशी पेरं पांढरी पडतात. ती मागे बुडावर बसणार असेल तर हात हलका होतो, नुसता टेकलेला राहतो. तिचं तिलाही ठरायच्या आधी मला कळायचं. या एवढ्याशा ज्ञानाचा मला फार अभिमान होता. आईपणात अभिमान बाळगायला अशाच गोष्टी मिळतात.

तिच्या डोक्यावरून मला टीव्ही दिसत होता. पाच पोरं ओळीने वाकलेली, प्रत्येकाचा एक हात गवतात टेकलेला. तादेओचा हात सगळ्यात जवळ.

"मागे," मी म्हटलं.

नोलनला वाटलं विनीबद्दल बोलतेय. पडद्यावर चेंडू निघाला, पोरं मागे सरली, एमेट फेकायला गेला आणि आडवा झाला.

पुढच्या वेळी मी म्हटलं, "पुढे." पोरं पुढे घुसली, चेंडू पळणाऱ्याच्या हातात गेला.

"मागे."

एमेट पुन्हा खाली.

नोलनने चित्रण थांबवलं. माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि पुन्हा लावलं. मी बारा वेळा सांगितलं. बाराही वेळा बरोबर. तेराव्या वेळी विनी पहिल्यांदा खरोखरच पुढे रांगली आणि माझ्या नाकावर आपटली, त्यामुळे ते राहिलं.

"तू काय बघतेस?" नोलनने विचारलं.

मी त्याला गालिच्यावर बोलावलं. तो माझ्या शेजारी पालथा पडला. मी तादेओचा हात दाखवला. चेंडू घेऊन पुढे पळायचं असेल तेव्हा पेरं पांढरी, अंगाचा भार बोटांवर. एमेट फेकणार असेल तेव्हा हात असा, जणू गवताला गुदगुल्या करतोय, आणि भार टाचांवर. पाचही जणांचं तेच. समोरच्या संघाने आमच्या पोरांचे हात वाचले होते. फेकायचा डाव आहे हे त्यांना चेंडू हलायच्या आधीच कळत होतं.

नोलन मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि कागदी कप घेऊन आला. कप गालिच्यावर उपडा ठेवला आणि त्याच्यावर बोटं टेकवली, हलकेच. कपाला काही झालं नाही.

मला तो कप माहीत होता. उन्हाळाभर त्याने पोरांना याच कपांवर शिकवलं होतं. फेकायचा डाव असेल तर हाताखालचा कप जसाच्या तसा राहिला पाहिजे, म्हणजे मागे सरायला वेळ जात नाही. पळायचा डाव असेल तर कप चपटा झाला पाहिजे. पोरांनी शेकडो कप वाचवले होते आणि शेकडो चपटे केले होते. शाळेच्या स्वयंपाकघराचे कप, तिथे काम करणाऱ्या माझ्या आईकडचे. दुसऱ्या कुठल्या शाळेतल्या पोरांनी कंटाळून अर्धवट शिकून सोडून दिलं असतं. आमच्या पोरांनी मनावर घेतलं.

"म्हणजे ती हळू नाहीत," नोलन म्हणाला.

"नाहीत. शहाणी आहेत. तू सांगितलंस तसंच करतात."

तो कपाकडे बघून हसला, पण डोळ्यांत पाणी होतं. "एकोणीस वेळा मीच पाडलं त्याला," म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. विनीने कप उचलला आणि खायला घेतला.

सोमवारी मी विनीला बाबागाडीत घालून सरावाला गेले. शंभर कप आणायला नोलन आईकडे गेला होता. तिने दिले, पण म्हणाली की मागच्या वेळी पण नेले होते, काय उजेड पडला? नोलनने पोरांना ओळीत बसवून खरं ते सांगितलं. चूक माझी होती, तुमची नाही, म्हणाला. कोचला असं बोलताना पोरांनी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला वाटतं, तेव्हाच अर्धं काम झालं.

नवी शिकवण अशी: प्रत्येक कपाच्या मध्यावर पेन्सिलीची रेघ. डाव कुठलाही असो, कप रेघेपर्यंतच दबला पाहिजे. ना कमी, ना जास्त. दिसायला सोपं. पण पोरांचे हात दोन महिन्यांच्या सवयीचे. मधला ऑस्कर लेब्सॅक, संघाचा तोंडाळ, म्हणाला, "कोच, मी अर्धाच भार टाकला तरी कप काय, मैदान खचेल." दोन दिवस नुसते कप चेपत राहिले. तिसऱ्या दिवशी फक्त सतरा चुकले, बाकीचे रेघेपर्यंत दबलेले. नोलनने ते गाडीच्या टपावर ओळीने मांडले आणि घरी निघताना विसरून गाडी चालवत सुटला.

बुधवारी संध्याकाळी तादेओ एकटाच घरी आला. पायपुसण्यावर पाय चार वेळा पुसले. म्हणाला, कोचनी सांगितलंय की गुरू इथे राहते. मग तो गालिच्यावर हातागुडघ्यांवर आला, विनीच्या समोर, आणि दोघं एकमेकांकडे बघत झुलत राहिले. एक आठ किलो, एक एकशे तीस. विनीला इतका आनंद झाला की तिला उचकी लागली.

मी त्याला सफरचंदाची फोड दिली. ती हातातच धरून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तो पडतो ना, तेव्हा मला आधी आवाज येतो. मी वळायच्या आधी. हवा निघाल्यासारखा. मला तो झोपेतही ऐकू येतो, मिसेस रायसिग."

मी म्हटलं, खा ती फोड.

त्याने खाल्ली. मग विचारलं, "समजा मी मुद्दाम पेरं पांढरी केली? त्यांना वाटेल पळायचा डाव आहे. आणि मी मागे सरलो तर?"

नोलन दारात उभा होता. त्याने डोकं हलवलं. भार पुढे टाकून मागे सरायचं म्हणजे अर्धं पाऊल उशीर, म्हणाला. आणि उशीर झाला तर तो एमेटच्या पाठीवर. तादेओ म्हणाला, मला माहितेय. नोलनने विनीकडे बघितलं, जणू तिची परवानगी हवी होती. "एकदाच," तो म्हणाला. "मी सांगेन तेव्हा. दुसऱ्यांदा त्यांना कळेल."

मग ते दोघं अंधार पडेपर्यंत अंगणात तेच करत राहिले. पुढे भार, मागे पाऊल. खिडकीतून बघताना वाटलं, एवढा मोठा देह आणि रांगायला शिकतोय.

गुरुवारी शाळेत चिली आणि दालचिनी रोल असतो. खिमा-बीन्सची गरम वाटी आणि शेजारी तळहाताएवढा, साखर ओघळणारा रोल. दर गुरुवारी, मी शाळेत होते तेव्हापासून. वाढायला आई. त्या गुरुवारी तिने लाइनच्या पाचही पोरांना अर्धा अर्धा रोल दिला. सुरीने नीट कापलेला. ऑस्करने ताटाकडे बघून म्हटलं, मिसेस हर्गर्ट, हा अर्धाच आहे.

"तुम्ही कामही अर्धंच करता," आई म्हणाली आणि पुढच्याला वाढलं.

हे मला एमेटने सांगितलं, पोट धरून हसत. बरगडी दुखेपर्यंत. तादेओने आपला अर्धा रोल काही न बोलता खाल्ला आणि ताट परत देताना थँक यू म्हणाला, हेही सांगितलं.

शुक्रवारी ब्रूल व्हॅलीचा संघ आला तेव्हा सूर्य साखर कारखान्याच्या धुराड्यामागे उतरला होता आणि गावभर बीटाचा तो गोडूस कुबट वास होता. आई लोखंडी बाकांच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मी विनीला कोटात घेऊन तिच्या शेजारी. नोलन मैदानाच्या कडेला, तोंडात च्युइंगम, दर मिनिटाला नवं.

त्यांचा चव्वेचाळीस नंबर तादेओच्या समोर होता. लांब हातांचा, चपळ. प्रत्येक डावाआधी त्याची मान किंचित खाली वळायची. तादेओच्या हाताकडे. त्याला मिळायचं काहीच नाही. हात तसाच, रेघेपर्यंत. पहिल्या दहा मिनिटांत तो दोनदा चुकीच्या बाजूला धावला, आणि एमेट तेवढा वेळ उभा राहिला, इतका निवांत की मला वाटलं आता खिशात हात घालतो की काय. चेंडू असा गेला, जसे ते बटाटे जायचे.

मी आईकडे बघितलं. ती समोर बघत होती.

एमेट पहिल्यांदा पडला तो दुसऱ्या सत्रात. तादेओच्या हाताला जुनी सवय आठवली, बोटं हलकी झाली, आणि चव्वेचाळीस नंबर वाट बघत असल्यासारखा सुटला. एमेट उठला. आईने एक बोट दुमडलं. तिसऱ्या सत्रात उजवीकडून दोघं जण निव्वळ ताकदीने घुसले, त्याला कसलीच शिकवण पुरी पडली नसती. या वेळी एमेटला उठायला वेळ लागला. उजवा हात बरगडीशी.

आई उठली. पायरी उतरली आणि मैदानाच्या कडेच्या जाळीच्या कुंपणापाशी, फाटकाच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली. मी विनीला घेऊन मागोमाग गेले. लोक बघत होते. या गावात आईला ओळखत नाही असा माणूस नाही, प्रत्येकाने तिच्या हातची चिली खाल्लेली आहे.

पाणी प्यायला आलेला तादेओ कुंपणाशी थांबला. "मिसेस हर्गर्ट, तुम्ही बसा," तो म्हणाला. उद्धटपणे नाही. घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं.

"मी उभी बरी आहे."

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण फाटक उघडावं नाही लागणार." आणि शिरस्त्राण चढवून गेला. त्याला इतकं ठामपणे बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही तीन गुणांनी पुढे होतो आणि चेंडू आमच्याकडे होता. आणखी सहा यार्ड मिळाले की झालं, मग चेंडू आमच्याच हातात राहतो आणि घड्याळ संपतं. नाही मिळाले तर चेंडू त्यांना. पुढे असलेला संघ अशा वेळी फेकत नाही, पळतो. शेंबड्या पोरालाही हे कळतं. ब्रूल व्हॅलीचे सगळे पुढे सरकून दाटीने उभे राहिले.

नोलन मुख्य कोचच्या कानात काही बोलला. मग त्याने तादेओकडे बघितलं आणि च्युइंगम थुंकलं.

पाच जण वाकले. मी कुंपणाला टेकले होते, तादेओचा हात मला तीस पावलांवरून दिसत होता. बोटं गवतात रुतली. पेरं पांढरी पडली, इतकी पांढरी की दिव्याच्या उजेडात चमकली. चव्वेचाळीस नंबरची मान वळली. त्याने बघितलं. आणि तो खाली वाकला, पळणाऱ्याला अडवायला, अंगाचा सगळा भार पुढे टाकून.

चेंडू निघाला आणि तादेओ मागे सरला.

अर्धं पाऊल उशीर झालाच. चव्वेचाळीसला आपण फसलो हे कळलं आणि तो लांब हात टाकत बाहेरून वळला, एमेटच्या पाठीकडे. माझ्या शेजारी आई पुटपुटत होती. एक. तादेओने तोल सावरला. दोन. त्याने दोन्ही तळवे चव्वेचाळीसच्या छातीवर ठेवले, धक्का नाही, नुसते ठेवले, एखादं दार लावावं तसे. तीन. एमेट अजून उभा होता. मान वर, दूर बघत, पाठीमागे काय चाललंय याची त्याला गंधवार्ता नव्हती. चार. आता फेक, मी म्हटलं, अरे फेक. पाच. त्याने फेकला.

चेंडू कुणी झेलला ते मी बघितलं नाही. बाकांवरून आलेल्या आवाजाने कळलं की झेलला आणि सहाच्या ठिकाणी वीस यार्ड गेले. मी आईच्या हाताकडे बघत होते. तिची बोटं जाळीत अडकली होती आणि पेरं पांढरीफटक पडली होती. मग हळूहळू रंग परत आला. एक एक बोट सुटलं, आणि हात तारेवर नुसता टेकलेला राहिला.

एमेट ताठ उभा होता. त्याने मागे वळून बघितलं, तर तादेओ चव्वेचाळीसला हात देऊन जमिनीवरून उठवत होता.

सामना संपल्यावर पाचही जण फाटकातून बाहेर आले, चिखलाने माखलेले, वाफा निघणारे. आई अजून तिथेच. तिने पर्स उघडली. एमेट जागच्या जागी थबकला, नोलनही. आम्हाला सगळ्यांनाच त्या पर्समध्ये काय आहे ते माहीत होतं.

आईने चांदीच्या कागदात गुंडाळलेली पाच पुडकी काढली. कालचे उरलेले अर्धे रोल.

"हे काल बनवलेत. आता वातड झाले असतील," ती म्हणाली आणि पहिलं तादेओच्या हातात ठेवलं.

ऑस्कर म्हणाला, "मिसेस हर्गर्ट, म्हणजे तुम्हाला कालच माहीत होतं?"

"मला काही माहीत नव्हतं. टाकवले नाहीत."

शेवटच्या पुडक्याला तो सहीचा कागदही चिकटून बाहेर आला. साखरेचा पाक झिरपून अक्षरं विरघळली होती. आईने तो सोलून काढायचा प्रयत्न केला, अर्धा फाटला. बाकीचा विनीने हात लांब करून धरला आणि चाखून बघितला. आईने तिला तो धरू दिला. मग ती एमेटकडे वळली, त्याच्या उजव्या बरगडीवर दोन बोटं ठेवली, हलकेच.

"सोमवारी डॉक्टरला दाखवायचं," ती म्हणाली. "ते हो म्हणाले तरच पुढचा शुक्रवार."

"हो," एमेट म्हणाला.

"आणि बाळाला दोन्ही हातांनी उचलायला लागल्याशिवाय नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, हे हिला तूच सांगितलंस ना, अशा नजरेने. मी बघितलंच नाही असं दाखवलं.